आठ पेशींवर अडलेले भ्रूण: शेळीच्या आयव्हीएफ प्रयोगशाळेतले एक प्रकरण

संस्था, माणसे आणि पुरवठादार ओळखू येऊ नयेत म्हणून इथे नावे गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. आकडे त्या प्रयोगशाळेपुरतेच धरावेत. माध्यम (ज्या पोषक द्रावात भ्रूण वाढतात), बोकड किंवा ऋतू बदलला की हे आकडेही बदलतात.

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतली छोटी प्रयोगशाळा. दोन खोल्या, एक प्रमुख भ्रूणतज्ज्ञ (सगळ्यांच्या तोंडी ‘मॅडम’), एक संशोधक विद्यार्थिनी, एक नवा तंत्रज्ञ आणि पंधरा-वीस वर्षे तिथेच असलेले अटेंडंट मामा. देवनारच्या कत्तलखान्यातून शेळ्यांची अंडाशये आणायची, त्यांतली बीजांडे प्रयोगशाळेत पक्व करायची, उस्मानाबादी बोकडाच्या गोठवलेल्या वीर्याने फलन घडवायचे आणि भ्रूण सात-आठ दिवस वाढवून ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे गर्भाशयात सोडण्याजोग्या अवस्थेपर्यंत न्यायचे, असे काम. कत्तलखान्यातले बीजांड कोणत्या शेळीचे, तिची वंशावळ काय, हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे जातिवंत करडांसाठी या भ्रूणांचा उपयोग मर्यादित. पण पुढे निवडक शेळ्यांची बीजांडे दुर्बिणीतून (लॅपरोस्कोपीने) काढायची तर आधी पद्धत घट्ट बसायला हवी, आणि त्यासाठी देवनारइतका भरवशाचा पुरवठा मुंबईत दुसरीकडे नाही.

आठवड्याची घडी ठरलेली होती. मंगळवारी पहाटे तंत्रज्ञ थर्मास घेऊन देवनारला जाई. थर्मासमध्ये ०.९ टक्के सलाइन, मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम जेंटामायसिन, तापमान ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान. मटणाला बोकडांचीच मागणी जास्त, त्यामुळे माद्या शोधाव्या लागत. बकरी ईदच्या आगेमागे तर आणखीच कमी. चाळीस-पन्नास अंडाशये मिळाली की ईस्टर्न फ्रीवेने परत. चार तासांच्या आत बीजांडे बाहेर काढायची, हा दंडक होता.

शेळीचे अंडाशय वालाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. सुईने एकेक पुटिका (बीजांड असलेला फोड) शोषून घेण्यापेक्षा पेट्री डिशमध्ये अंडाशय धरून ब्लेडने वरवर आडवे-उभे कापे दिले तर बीजांडे जास्त मिळतात. मात्र पेशींचा चोथाही सोबत येतो आणि शोधायला वेळ लागतो. ज्यांच्याभोवती क्युम्युलस पेशींचे (बीजांडाला पोसणाऱ्या पेशींचे) किमान तीन पूर्ण थर आहेत आणि आतला द्रव एकसारखा गडद आहे, तेवढीच बीजांडे घ्यायची. एका मंगळवारी अशी ११० ते १३० हाती लागत.

पुढचे टप्पे नीट पाहायला हवेत, कारण उत्तर त्यांच्यातल्याच एका फरकात दडलेले होते.

परिपक्वता: टीसीएम-१९९ हे माध्यम, त्यात १० टक्के एफबीएस (गायीच्या गर्भाचे सिरम), एफएसएच आणि एस्ट्राडायोल ही संप्रेरके, पायरुवेट आणि १०० मायक्रोमोलर सिस्टिअमीन. चार खणांच्या डिशमध्ये प्रत्येक खणात ५०० मायक्रोलिटर, वर तेल नाही. साध्या इन्क्युबेटरमध्ये ३८.५ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, भरपूर ओलावा, २४ ते २६ तास.

फलन: हेही चार खणांच्या डिशमध्ये, तेलाविना, त्याच साध्या इन्क्युबेटरमध्ये. वीर्याची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायची, शुक्राणू पर्कोल या दाट द्रावाच्या ४५ आणि ९० टक्क्यांच्या थरांतून गाळून घ्यायचे, हेपारिन घालायचे आणि मिलीलिटरला दहा ते वीस लाख या प्रमाणात सोडायचे. १८ तास.

संवर्धन: बारीक काचनळीतून वरखाली ओढून बीजांडाभोवतीच्या पेशी काढायच्या, तीनदा धुवायचे आणि एसओएफ माध्यमाच्या थेंबांत ठेवायचे. एसओएफ म्हणजे मेंढीच्या बीजवाहिनीतल्या द्रावाच्या मोजमापांवरून १९७२ मध्ये बांधलेले माध्यम. प्रयोगशाळेत त्यात अमिनो आम्ले आणि मिलीलिटरला ४ मिलिग्रॅम बीएसए (गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घालत. ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये ४० मायक्रोलिटरचे चार थेंब, प्रत्येकात दहा-बारा भ्रूण, वर ३ मिलीलिटर मिनरल ऑइल. डिश दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये: कार्बन डायऑक्साइड ५, ऑक्सिजन ५, बाकी नायट्रोजन. बीजवाहिनीत ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा बराच कमी असतो, म्हणून ही तजवीज.

सगळे सुरळीत असताना शंभर बीजांडांतली साधारण ६५ विभाजित होत आणि त्यांतून १८ ते २० ब्लास्टोसिस्ट मिळत. शेळीच्या कामात हा आकडा वाईट नाही.

अडचण

एप्रिलच्या मध्यापासून ब्लास्टोसिस्ट कमी होऊ लागले. आधी १२, मग ७, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ११५ बीजांडांतून फक्त एक. विभाजन मात्र पूर्वीसारखेच, ६० टक्क्यांच्या वर. त्यामुळे शुक्रवारच्या नोंदवहीत दर वेळी ‘ठीक’ असा शेरा पडत गेला आणि तीन आठवडे कुणी फार मनावर घेतले नाही. सुरुवातीला उन्हाळ्याला दोष देऊन झाला. ते सोपे होते आणि अगदीच चूकही नव्हते. उष्ण दिवसांत बीजांडांचा दर्जा उतरतो.

विद्यार्थिनीने चौथ्या दिवशी डिश बाहेर काढून मोजणी केली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. जवळपास सगळे भ्रूण आठ ते बारा पेशींवर थांबले होते. पेशी करड्या, दाणेदार, काहींच्या कडा फुटलेल्या. सहाव्या दिवशीही तेच भ्रूण तिथेच.

आठ पेशींचा हा उंबरठा शेळी, मेंढी आणि गाय यांच्याबाबतीत ओळखीचा आहे. पहिली तीन विभाजने भ्रूण आईच्या शिदोरीवर उरकतो: बीजांडात आधीच साठवलेली प्रथिने आणि आरएनए. आठ ते सोळा पेशींच्या दरम्यान ही शिदोरी संपत येते आणि भ्रूणाला स्वतःची जनुके चालू करावी लागतात. उंदरात हे दोन पेशींना घडते, माणसात चार ते आठ पेशींच्या सुमारास. कुठेही इजा झाली असेल तर ती इथे उघडी पडते. म्हणूनच चांगले विभाजन ही संवर्धनाची पावती नव्हे. शुक्रवारचा ‘ठीक’ हा शेरा मुळात परिपक्वता आणि फलन यांच्यापुरताच होता.

पर्याय आणि पहिला निर्णय

प्रकल्पाचे वरिष्ठ म्हणाले, सगळे नवे मागवा: माध्यम, बीएसए, तेल, डिश, गॅस, एकदम बदला आणि पुढे चला. हा पर्याय वाटतो तितका बाळबोध नाही. अनेक प्रयोगशाळा हेच करतात आणि बहुतेकदा गाडी रुळावर येते. पण नेमके काय बिघडले ते कळत नाही, आणि तीच चूक सहा महिन्यांनी पुन्हा दारात उभी राहते. शिवाय सगळे सामान यायला तीन-चार आठवडे लागले असते.

दुसरा पर्याय, संशयित एकेक करून बाद करण्याचा. संशयित होते सहा: उन्हाळ्यातली बीजांडे, वीर्याची नवी खेप, कमी ऑक्सिजनच्या इन्क्युबेटरचा सेन्सर, बीएसएचा नवा डबा, तेल, आणि शेजारच्या खोलीत चाललेले रंगकाम. आठवड्याला एकच बॅच निघते, निकालाला आठ दिवस लागतात. एका वेळी एक बदल म्हणजे दोन महिने.

मॅडमनी दुसरा पर्याय घेतला, पण क्रम ठरवताना एक चूक झाली. सगळ्यात संशयित वाटले ते बीएसए, कारण डबा एप्रिलमध्येच फोडला होता. बीएसएच्या खेपाखेपांत फरक असतो, हे खरेच आहे. वेगळ्या खेपेचा डबा उसना आणला आणि ‘आता बदलतोच आहोत तर’ म्हणून प्रमाणही ४ वरून ८ मिलिग्रॅम केले. एका वेळी एक बदल हा नियम पहिल्याच पावलावर मोडला.

निकाल फसवा निघाला. ११० बीजांडांतून ७ ब्लास्टोसिस्ट. एकावरून सात! सगळ्यांना हायसे वाटले. त्या भरात घाटावरच्या फार्मला निरोप गेला आणि भ्रूण प्रत्यारोपणासाठी १२ शेळ्यांच्या योनिमार्गात प्रोजेस्टोजेन या संप्रेरकाचे स्पंज बसवले गेले. स्पंज बारा दिवस ठेवायचा, काढताना ईसीजी या संप्रेरकाचे इंजेक्शन द्यायचे, दीड-दोन दिवसांत शेळी माजावर येते. म्हणजे तारीख पक्की झाली आणि घड्याळ सुरू झाले.

पुढच्या बॅचला ५. त्यापुढच्या, नेमक्या प्रत्यारोपणाच्या बॅचला, काय होणार याची खूण शुक्रवारपर्यंत दिसण्यासारखी नव्हती.

त्या सात ब्लास्टोसिस्टचे कारण बीएसएच होते, पण वेगळ्या अर्थाने. अल्ब्युमिन हे चिकट, सगळ्याला धरून ठेवणारे प्रथिन. धातू, मेदाम्ले, तेलातून उतरणारी नको ती द्रव्ये ते बांधून ठेवते. मात्रा दुप्पट केल्यावर विष थोडे झाकले गेले. संवर्धनातली कुठलीही विषारी गोष्ट तपासायची असेल तर प्रथिन कमी ठेवून तपासावे, हे भ्रूणप्रयोगशाळांना माहीत असते. इथे नेमके उलट घडले.

शुक्रवारचा पेच

माजावर आलेल्या शेळ्या फार्मवर, आणि प्रयोगशाळेत दोन ते चार पेशींचे ७० भ्रूण. मागच्या बॅचा पाहता हे सातव्या दिवसापर्यंत टिकतील याची खात्री नाही. तीन वाटा होत्या. एक, भ्रूण आजच घाटावर न्यायचे आणि पोट उघडून थेट बीजवाहिनीत सोडायचे. म्हणजे सदोष संवर्धनाला वळसा, आणि गाभ राहिली तर ‘भ्रूण चांगले, संवर्धन वाईट’ हेही सिद्ध. दोन, ठरल्याप्रमाणे सातव्या दिवसापर्यंत थांबून ब्लास्टोसिस्ट दुर्बिणीतून गर्भाशयाच्या शिंगात सोडायचे. तीन, शेळ्या मोकळ्या करायच्या.

तांत्रिकदृष्ट्या पहिली वाट उत्तम होती. अडले ते कागदावर. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी फक्त दुर्बिणीने गर्भाशयात भ्रूण सोडण्यासाठी होती. पोट उघडून बीजवाहिनीत सोडणे ही वेगळी, मोठी शस्त्रक्रिया. तिला वेगळी मंजुरी लागते आणि ती एका दुपारीत मिळत नाही. वरिष्ठांनी विचारून पाहिले, ‘मॅडम, नंतर कळवलं तर नाही चालणार?’ मॅडमनी नकार दिला आणि तो योग्यच होता. थांबायचे ठरले.

सातव्या दिवशी २ ब्लास्टोसिस्ट, तेही निस्तेज. प्रत्यारोपण झाले नाही. १२ शेळ्यांचे एक ऋतुचक्र, औषधांचा खर्च आणि फार्मवाल्यांचा विश्वास, तिन्ही गेले.

तपास

आता मॅडमनी तपासाची रीत बदलली. ‘काय बदलू या’ हे बाजूला ठेवून ‘इजा कोणत्या टप्प्यात होते आहे’ हा प्रश्न समोर ठेवला.

पहिली चाचणी फलनाची. अनेक शुक्राणू शिरलेले बीजांडही एक-दोनदा सहज विभागते आणि मग थांबते, त्यामुळे विभाजनाचा आकडा इथे फसवू शकतो. १८ तासांनी २० बीजांडे अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये स्थिर करून ॲसिटो-ऑर्सिनने रंगवली. शेळीच्या बीजांडात मेदाचे कण दाट असतात, न रंगवता केंद्रके दिसत नाहीत. फलन झालेल्या १४ पैकी १३ मध्ये दोनच केंद्रके. फलन निर्दोष.

दुसरी चाचणी वीर्याची, तीही वीर्य न वापरता. पक्व बीजांडे ५ मायक्रोमोलर आयोनोमायसिनमध्ये पाच मिनिटे आणि मग २ मिलिमोलर ६-डीएमएपीमध्ये चार तास ठेवली की शुक्राणूविनाच ती चेतवली जातात. असे भ्रूण करडू होऊ शकत नाहीत, पण ब्लास्टोसिस्टपर्यंत चांगले वाढतात. तेही आठ पेशींवरच अडले. वीर्याची खेप सुटली, आणि संशय संवर्धनाच्या खोलीत येऊन बसला. उन्हाळी बीजांडांचा प्रश्न अजून उरला होता. तो पुढच्या चाचणीत आपोआप सुटणार होता.

संवर्धनाच्या टप्प्यात दोनच गोष्टी आधीच्या टप्प्यांत नव्हत्या: तेल आणि कमी ऑक्सिजनचा इन्क्युबेटर. माध्यमही वेगळे होते, पण ते दर पंधरवड्याला ताजे होत असे आणि नव्या-जुन्यात फरक दिसला नव्हता. ओळखीच्या एका वंध्यत्व केंद्राकडून टेबलावरचा छोटा इन्क्युबेटर चार आठवड्यांसाठी उसना मिळाला. मुंबईत १९८६ पासून, म्हणजे केईएम रुग्णालयातल्या त्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळापासून, मानवी आयव्हीएफची केंद्रे वाढत गेली आहेत; अशी उसनवारी इथे जमते. एक तपशील मात्र विसरला तर घात: ते यंत्र ३७ अंशांवर लावलेले असते, शेळीच्या भ्रूणाला ३८.५ लागतात. तापमान वाढवून, डिशच्या तळाशी वेगळ्या तापमापकाने खात्री करून मगच वापरले.

मग एकाच मंगळवारची, एकाच फलनातली बीजांडे चार गटांत वाटली: जुने तेल आणि आपला इन्क्युबेटर, जुने तेल आणि उसना, नवे तेल आणि आपला, नवे तेल आणि उसना. नवे तेल म्हणजे त्याच आठवड्यात फोडलेली सीलबंद बाटली. बीएसए पुन्हा ४ मिलिग्रॅमवर आणले, झाकपाक नको म्हणून. हाच प्रयोग तीन आठवडे. मधल्या एका मंगळवारी हिंदमाताला पाणी तुंबले, थर्मास साडेपाच तासांनी पोचला. ती बॅच हिशेबात न धरता टाकून दिली.

प्रत्येक गटात एकूण ९० भ्रूण. जुन्या तेलात आपल्या इन्क्युबेटरमध्ये १ ब्लास्टोसिस्ट, उसन्यात शून्य. नव्या तेलात आपल्या इन्क्युबेटरमध्ये १३, उसन्यात १४. यावर वाद घालण्यासारखे काही उरले नाही. इन्क्युबेटर निर्दोष, तेल दोषी. बीजांडे चारही गटांत त्याच दिवसाची असल्यामुळे उन्हाळा हे मुख्य कारण नाही, हेही ठरले. रंगकामाचा वास चारही गटांना सारखाच होता.

तेलाला झाले काय?

वरिष्ठ पुरवठादाराला कडक पत्र लिहायला बसले होते. ते पत्र गेले नाही, ते मामांच्या एका वाक्यामुळे. रिकामे खोके कुठे ठेवू, असे विचारायला ते आले आणि कुणीतरी सहज विचारले की हे कॅन नेमके कधी उघडले.

‘हे दोन कॅन मार्चपासून पॅसेजमध्ये खिडकीपाशीच आहेत की, मॅडम. कपाटात एकच मावला. जागा कुठे होती?’

मार्चमध्ये स्वस्त पडले म्हणून छोट्या बाटल्यांऐवजी एकाच खेपेचे तीन मोठे, अर्धपारदर्शक प्लास्टिकचे कॅन घेतले होते. एक एसी खोलीतल्या बंद कपाटात गेला. दोन पॅसेजमध्ये, पश्चिमेच्या खिडकीखाली. तिथे एसी नाही, दुपारी तीननंतर थेट ऊन. वापर पॅसेजमधल्या कॅनपासून सुरू झाला, कारण तो हाताशी होता.

मिनरल ऑइल निष्क्रिय समजले जाते, पण शुद्धीकरणानंतरही त्यात असंपृक्त रेणूंचे अंश राहतात. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्यांची पेरॉक्साइडे बनत जातात. तेल दिसायला स्वच्छच राहते. वास नाही, रंग नाही. पेरॉक्साइडे हळूहळू थेंबात उतरतात. एका डिशमध्ये माध्यम १६० मायक्रोलिटर आणि तेल ३ मिलीलिटर, म्हणजे भ्रूण ज्यात राहतो त्याच्या जवळपास १९ पट ते तेल असते जे कुणी ‘माध्यम’ म्हणून मोजतच नाही. खेप नोंदवली जाते माध्यमाची, बीएसएची, सिरमची. तेलाची नोंद त्या वहीत नव्हतीच.

खात्रीसाठी कपाटातला, त्याच खेपेचा तिसरा कॅन उघडून तपासला. १०० भ्रूणांतून १४ ब्लास्टोसिस्ट, नव्या बाटलीच्या बरोबरीने. कंपनी आणि खेप दोन्ही सुटल्या, दोष साठवणीचा. जुने तेल अल्ब्युमिन असलेल्या द्रावणाने धुऊन वाचवावे का, यावर थोडी चर्चा झाली. धुण्याने काही द्रव्ये निघतात, पण आत पेरॉक्साइड बनण्याची क्रिया सुरूच राहते. धुतलेले तेल किती दिवस चांगले राहील हे पुन्हा तपासतच बसावे लागले असते. नको म्हटले.

उरलेली तूट

इथेच थांबले असते तर गोष्ट सोपी होती. पण नव्या तेलातही आकडा १४-१५ वर अडकला होता. पूर्वीचे १८-२० कुठे गेले?

विद्यार्थिनीने ऑस्मोमीटर (द्राव किती घट्ट झाला आहे ते मोजणारे यंत्र) लावला. बाटलीतले एसओएफ २७२ मिलिऑस्मोल. रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या थेंबातले ३०१. बाटली आणि डिश यांच्या मध्ये कुठेतरी पाणी उडत होते. नवा तंत्रज्ञ थेंब टाकत असताना शेजारी उभे राहून पाहिले तेव्हा कारण दिसले. हात नीटनेटका, घाई नाही. लॅमिनार फ्लोचा (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या टेबलाचा) पंखा चालू, गरम स्टेज चालू, आणि आठ डिशमध्ये सगळे ३२ थेंब टाकून झाल्यावर मग पहिल्या डिशवर तेल. पहिला थेंब सात-आठ मिनिटे वाऱ्यात उघडा. ४० मायक्रोलिटरच्या थेंबाला तेवढे पुरते. मुंबईत बाहेर हवा कितीही दमट असो, एसी खोलीत वाहत्या वाऱ्याखाली गरम स्टेजवर थेंब आटतोच.

पद्धत बदलली. स्टेज बंद, थेंब टाकण्यापुरता पंखाही बंद. एका वेळी दोनच डिश. आधी १० मायक्रोलिटरचे ठिपके, लगेच तेल, मग तेलाखालून पिपेटने आणखी ३० मायक्रोलिटर भरून थेंब पुरा करायचा. सुरुवातीचा ठिपका आटला तरी वरून भरलेले माध्यम त्याला सावरते. पुढच्या मापात थेंब २७६ वर आला. तयार डिश भ्रूण ठेवण्याआधी रात्रभर गॅसमध्ये ठेवायचा नियम पूर्वीचाच. तेलातून वायू झिरपायला वेळ लागतो, घाईने दोन तासांत वापरलेल्या थेंबाचा सामू वर राहतो.

निष्पत्ती

ऑगस्टपर्यंत ब्लास्टोसिस्ट पुन्हा १०० मागे १८ च्या आसपास स्थिरावले. यातला काही वाटा पावसाळ्यातल्या गार हवेचा आणि चांगल्या बीजांडांचा असणार. नेमका किती, ते वेगळे काढता येत नाही. पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला की हल्ली तिथे आधी ऑस्मोमीटर चालू होतो, मग चर्चा.

हिवाळ्यात ८ शेळ्यांत प्रत्येकी दोन ब्लास्टोसिस्ट सोडले. तिघी गाभण राहिल्या, त्या तिघीही व्यायल्या.

काय वेगळे करता आले असते

चौथ्या दिवसाची मोजणी एप्रिलपासून असती तर तीन आठवडे वाचले असते. दर वेळी डिश काढल्याने भ्रूणांना त्रास होतो, ही भीती खरी आहे. म्हणून आता एकाच डिशची मोजणी होते, बाकीच्यांना सातव्या दिवसापर्यंत हात लावत नाहीत. वहीत ‘विभाजन’ या रकान्याशेजारी ‘आठ पेशींपुढे गेलेले’ असा रकाना आला आहे.

बीएसएच्या वेळी खेप आणि मात्रा एकदम बदलली नसती तर सात ब्लास्टोसिस्टचा भास झाला नसता, आणि बहुधा स्पंजही बसले नसते. एका बॅचच्या सुधारणेवर शेळ्या तयार करायला घेऊ नयेत, सलग तीन बॅचा लागतात, असा नियम केला. तो पाळायला जड जातो. फार्मवाल्यांना तारीख हवी असते.

नीतिशास्त्र समितीकडे गेलेल्या नव्या अर्जात दोन्ही पद्धती आहेत: दुर्बिणीने गर्भाशयात आणि शस्त्रक्रियेने बीजवाहिनीत, दुसरी केव्हा वापरायची त्या अटींसह. त्या शुक्रवारी हा कागद हातात असता तर ७० भ्रूण वाया गेले नसते.

चार गटांचा प्रयोग आधीच करायला हवा होता का, यावर मॅडम आणि वरिष्ठांचे अजून जमत नाही. वरिष्ठांच्या मते मेमध्ये सगळे सामान बदलले असते तर महिनाभरात काम सुरू झाले असते. ते बरोबरही आहे. फक्त नवे तेलही पॅसेजमध्येच गेले असते.

तेल आता १०० मिलीलिटरच्या गडद बाटल्यांत येते, बंद कपाटात राहते, बाटलीवर उघडल्याची तारीख मामा स्वतः मार्करने घालतात. महिना झाला की उरलेले तेल प्रशिक्षणाच्या डिशसाठी. खिडकीपाशच्या कॅनमधले सुमारे अर्धा लिटर तेल मात्र फेकलेले नाही. छोट्या कुप्यांत भरून, लाल चिकटपट्टी लावून ते फ्रीजच्या तळच्या खणात ठेवले आहे. नवी खेप तपासताना एक डिश त्या तेलाचीही लावतात. तिच्यात भ्रूण आठ पेशींवर अडले, तरच ती चाचणी धरायची.